एका घोंगड्याचे तीन धनी

पुण्याहून सोलापूरकडे निघाल्यावर इंदापूर मागे पडते, भीमेवरचा पूल लागतो, उजनी धरणाची लांबलचक भिंत दिसते आणि पाठोपाठ टेंभुर्णी येते. माढा तालुक्यातले हे गाव म्हणजे रस्त्यांचा चव्हाटाच. एक रस्ता पंढरपूरकडे फुटतो, एक अकलूजकडे, एक कुर्डुवाडी-बार्शीकडे, तर एक करमाळ्यावरून अहिल्यानगरकडे जातो. त्यामुळे इथे उतरणारा माणूस बहुधा दुसऱ्याच गावाला निघालेला असतो. चहा घ्यायचा, गाडी बदलायची आणि पुढे लागायचे, एवढीच त्याची टेंभुर्णीशी ओळख.

पण वाचकहो, दिवाळीनंतर कधी या बाजूला आलात तर जरा घाई करू नका. हमरस्ता सोडून शिवारात कोस-दीड कोस चालत जा. एका अंगाला कालव्याच्या आणि विहिरीच्या पाण्यावरचा ऊस, दुसऱ्या अंगाला रब्बीची ज्वारी, आणि मधल्या एखाद्या मोकळ्या रानात जाळीची वाघर लावून बसवलेला मेंढरांचा वाडा तुम्हाला दिसेल. घोड्याच्या पाठीवरून उतरवलेले बिऱ्हाड, तीन दगडांची चूल, डालग्याखाली झाकलेली कोकरे, आणि काठीला टेकून उभा असलेला मेंढका. त्याच्या खांद्यावर घडी करून टाकलेली काळी घोंगडी असते. आज आपल्याला बोलायचे आहे ते तिच्याविषयी.

घोंगडी ही पुरुषाची शाल. शहरातल्या माणसाला शाल म्हटले की सत्कार आठवतो. आपल्याकडे ही शाल सत्काराला नव्हे, कामाला निघते. पाऊस आला की तिची खोळ करून डोक्यावर घ्यायची, थंडी पडली की अंगाभोवती लपेटायची, रात्री अंथरायची, पाहुणा आला की झटकून पसरायची, आणि बाजाराला जाताना तिच्यातच गाठोडे बांधायचे. एक वस्तू आणि पाच कामे! कोणी तिला घोंगडी म्हणतो, कोणी घोंगडे, कोणी कांबळे. नाव कोणतेही घ्या, तिचे धनी मात्र तीन आहेत. पहिला मेंढी राखणारा, दुसरा माग चालवणारा आणि तिसरा ती पांघरणारा शेतकरी. या तिघांचा एकमेकांशी व्यवहार होता, तोवर घोंगडी गावोगाव होती. तो व्यवहार सुटला आणि घोंगडी दिसेनाशी होऊ लागली. हे कसे झाले, ते आपण पाहू.

पहिला धनी : मेंढका

सांगोला, आटपाडी, जत, माण, खटाव हा सारा महादेवाच्या डोंगररांगेच्या आसपासचा आणि पूर्वेकडचा कमी पावसाचा मुलूख. इथली माती हलकी, झाड खुरटे, गवत आखूड. अशा रानात मेंढी चांगली टिकते. इथली मूळची मेंढी म्हणजे दख्खनी. अंगाने लहानखुरी, पायाने चिवट, दिवसभर चालली तरी न थकणारी, आणि बहुतेक काळ्या किंवा काळपट लोकरीची.

पाऊस संपला, रानातले गवत सरले की हे मेंढके आपले वाडे घेऊन खाली नदीकाठाच्या काळ्या रानांकडे उतरतात. भीमा-नीरेच्या खोऱ्यातले शेतकरी त्यांची वाट पाहत असत. मोकळ्या रानात चार-आठ रात्री मेंढ्या बसवल्या की लेंडीखत आणि मूत जमिनीत जिरते आणि पुढचे पीक तरारून येते, हे शेतकऱ्याला पुस्तकातून शिकावे लागत नाही. बदल्यात मेंढक्याला ज्वारी मिळे, आता रोख पैसे मिळतात.

मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरतात. कातरण्याआधी कळप पाण्यात घालून धुऊन काढतात. दख्खनी मेंढीपासून वर्षाकाठी फार तर अर्ध्या किलोच्या आसपास लोकर मिळते. आता हिशेब करून पाहा. एका चांगल्या घोंगडीला अडीच किलो सूत लागले असे धरले आणि पिंजताना माती, कुसळे, गोखरू निघून जाणारी घट धरली, तर सहा-सात मेंढ्यांची वर्षाची लोकर एका घोंगडीत जाते. शंभर मेंढ्यांच्या वाड्यातून वर्षाला पंधरा घोंगड्या निघाल्या तरी पुष्कळ. कोकराची पहिली कातरणी म्हणजे जावळ. जावळाची लोकर सर्वांत मऊ असते, म्हणून जावळाच्या घोंगडीला मान मोठा आणि किंमतही मोठी.

दख्खनी लोकर जाड असते. परदेशातल्या मेरिनो मेंढीचा धागा साधारण वीस मायक्रॉनचा, तर आपल्या मेंढीचा पन्नासच्या घरातला. त्यामुळे हिचे स्वेटर होत नाही, अंगाला टोचते. पण ज्या जाडपणामुळे ती टोचते, त्याच जाडपणामुळे घोंगडी काट्याकुट्यात फाटत नाही आणि वर्षानुवर्षे टिकते. मेंढक्याने ती झुडपावर टाकली, दगडावर आपटली, मेंढीच्या पाठीवर घातली, तरी तिचे काही बिघडत नाही.

दुसरा धनी : विणकर

सोलापूर जिल्हा म्हटले की लोकांना चादर आठवते. सोलापुरी चादरीला भौगोलिक निर्देशांक मिळाला आहे आणि ते योग्यच झाले. पण ती सुताची, पेठेतल्या मागावरची. घोंगडीचे माग खेड्यांत होते. ते चालवणारे मुख्यतः सणगर समाजाचे, आणि कितीतरी ठिकाणी खुटेकर धनगर. सातारा जिल्ह्यातले म्हसवड तर घोंगडीसाठी आपल्या भागात पूर्वीपासून नावाजलेले.

घोंगडी कशी होते, हे ती पांघरणाऱ्यांपैकीही पुष्कळांना ठाऊक नसते. आधी लोकर निवडायची. काळी वेगळी, पांढरी वेगळी, करडी वेगळी. तिला रंग देत नाहीत, मेंढीचा रंग तोच घोंगडीचा रंग. काठाची पांढरी रेघसुद्धा पांढऱ्या मेंढीची. मग लोकर पिंजायची, तिचे पेळू करायचे आणि चरख्यावर सूत कातायचे. हे सूतकताईचे काम बहुतेक घरच्या बायकांचे. माग दिसतो, मागावर बसलेला पुरुष दिसतो, पण त्याला सूत पुरवणारे हात मागच्या पडवीत असतात. घोंगडीचा निम्म्याहून अधिक वेळ तिथेच जातो.

सूत तयार झाले की ताणा लावतात आणि त्याला खळ देतात. ही खळ चिंचोक्याची. चिंचोके भाजून, टरफल काढून, भिजवून, वाटून शिजवायचे आणि ती चिकट खळ कुंच्याने ताण्यावर फिरवायची. खळ नसेल तर लोकरीचा धागा पिसारतो आणि मागावर तुटतो. नंतर खड्ड्याच्या मागावर, पाय खड्ड्यात सोडून, धोटा इकडून तिकडे टाकत विणकर ती विणतो. मागाची रुंदी बेताची असल्यामुळे मोठ्या घोंगडीला कधी दोन पट्ट्या जोडाव्या लागतात. विणून झाल्यावर पुन्हा खळ देऊन उन्हात ताणून वाळवतात. म्हणून नवी घोंगडी पत्र्यासारखी ताठ असते आणि तिला चिंचोक्याचा वास येतो. नवखा माणूस ती हातात घेऊन नाक मुरडतो. जाणता मात्र म्हणतो, एक पावसाळा जाऊ द्या, मग बघा.

आपल्या बोलीत हे घोंगडे किती खोल रुजले आहे पाहा. काम लांबणीवर पडले की आपण म्हणतो, घोंगडे भिजत पडले. ओले घोंगडे मणाचे जड होते आणि लवकर वाळत नाही, हे ज्याने अनुभवले त्यानेच हा वाक्प्रचार केला असणार. कोणी उगाच लुडबूड करू लागला की आपण विचारतो, तुझे काय घोंगडे अडकले आहे इथे? निवडणुका आल्या की गावोगाव घोंगडी बैठका होतात. तिथे अंथरलेली असते सतरंजी, पण नाव घोंगडीचे. नाव राहिले आणि वस्तू गेली, असे व्हायला नको.

तिसरा धनी : शेतकरी

तुम्ही म्हणाल, मेंढक्याला घोंगडी लागते हे खरे, पण शेतकऱ्याला आता तिचे काय काम? टेंभुर्णीच्या शिवारात माघाच्या एखाद्या रात्री जाऊन पाहा, म्हणजे उत्तर मिळेल.

उजनी धरण १९८० मध्ये पुरे झाले. एकशे सतरा अब्ज घनफूट पाणी साठवणारे हे धरण भीमेवर उभे राहिले आणि पाठोपाठ कालवे, उपसा योजना, विजेचे पंप आणि साखर कारखाने आले. ज्या रानात हुलगे-मटकी पिकत होती तिथे ऊस डोलू लागला. पण पाण्याबरोबर रात्रपाळीही आली. शेतीपंपाची वीज पाळीने मिळते, आणि पाळी रात्रीची असली की शेतकऱ्याला रात्री दारे धरायला जावे लागते. गुडघाभर ओल, उसातून येणारा गार वारा, हातात खोरे आणि विजेरी. अशा वेळी अंगावर काय असते? बाजारातून आणलेले पातळ ब्लँकेट. ते एकदा भिजले की अंगाला चिकटते आणि ऊब देणे सोडते.

लोकरीचा गुण इथे कळतो. लोकरीच्या धाग्याचा वरचा थर पाण्याचा थेंब लवकर आत घेत नाही, म्हणून रिमझिम पावसात पाणी वरून ओघळते. आत ओल गेलीच तर लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल पोटात घेऊनही अंगाला तितकीशी ओली लागत नाही. दुसरा गुण विस्तवाचा. शेकोटीची ठिणगी कृत्रिम धाग्याच्या कपड्यावर पडली तर तो वितळून कातडीला चिकटतो. लोकर चटकन पेट घेत नाही, करपते आणि बहुधा तिथेच विझते. रानात रात्र काढणाऱ्या माणसाला हे दोन गुण पुरेसे आहेत.

घोंगडीवर झोपले की कंबरदुखी जाते, अमुक रोग बरा होतो, साप जवळ येत नाही, असे पुष्कळ ऐकायला मिळते. हल्ली विकणारेही ते सांगू लागले आहेत. त्यावर विसंबू नका. दुखण्याला डॉक्टर आहे, आणि सापापासून सांभाळायला विजेरी आणि पायात बूट हवेत. घोंगडीची खरी गुणवत्ता एवढी आहे की तिला खोटी जोडण्याची गरज नाही.

गाठ कुठे सुटली?

आता त्या वाड्यावरच्या मेंढक्याजवळ बसा आणि सहज विचारा, “मामा, औंदा लोकर कितीला दिली?” तो हसेल. “लोकर कोन घेतंय, पाव्हणं? कातरणाऱ्याला पदरचं पैसं द्यावं लागत्यात,” असेच काहीसे उत्तर मिळेल. मेंढी कातरायची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त होते. उन्हाळ्यात मेंढीला त्रास होऊ नये म्हणून ती कातरावी तर लागते, पण कातरलेली लोकर कितीतरी ठिकाणी बांधावर टाकून देतात.

याची कारणे एक नाहीत. पानिपतकडची जुन्या कपड्यांच्या धाग्यांपासून केलेली आणि गिरणीतली कृत्रिम धाग्याची ब्लँकेटे घोंगडीच्या किमतीच्या काही हिश्श्यात दारावर मिळू लागली. विणकराचे गिऱ्हाईक गेले, मुले दुसऱ्या कामाला लागली, माग अडगळीत गेले. विणकर नाही म्हणून लोकरीला भाव नाही, आणि लोकरीला भाव नाही म्हणून मेंढक्याने काळ्या मेंढीचा नाद सोडला. आता पैसा आहे तो मटणात. त्यासाठी जत तालुक्यातल्या माडग्याळची उंच, मोठ्या अंगाची, पण नावापुरतीच लोकर असलेली मेंढी लोक पसंत करतात. तिचा नर कळपात सोडला की पुढची पिढी वजनदार होते आणि काळी लोकर कमी होत जाते. यात मेंढक्याची चूक नाही. ज्याला बाजार आहे तेच तो वाढवणार.

सरकारने या धंद्याकडे पाहिलेच नाही असे नव्हे. मेंढी व शेळी विकासासाठी राज्यात १९७८ साली महामंडळ स्थापन झाले. आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवींच्या नावाने ओळखले जाते आणि त्याचे एक प्रक्षेत्र आपल्याच जिल्ह्यात, सांगोला तालुक्यातल्या महूद येथे आहे. मेंढ्यांचे गट अनुदानावर देणारी महामेष योजनाही २०१७ मध्ये सुरू झाली. यातून मेंढी वाढली तर चांगलेच. पण मेंढी वाढली म्हणून लोकर विकली जात नाही. लोकरीला विणकर लागतो आणि विणकराला गिऱ्हाईक.

गंमत पाहा. मंगळवेढा तालुक्यातल्या हुलजंतीला दिवाळीत महालिंगरायाच्या यात्रेत पालख्यांच्या भेटी होतात, तेव्हा भाविक भंडाऱ्याबरोबर खोबरे आणि लोकर उधळतात. कोल्हापूरकडच्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेतही तसेच. पंढरीच्या विठोबाचे मूळ गवळी-धनगरांच्या देवाशी जोडणारा मोठा अभ्यास रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ या १९८४ सालच्या ग्रंथात मांडला आहे. म्हणजे आपल्याकडे लोकरीला देवापुढे मान आहे. मान नाही तो बाजारात.

दुसरीकडे काय झाले?

डोंगराळ मुलखात मेंढी तिथे पुरुषाची लोकरी शाल, हे जगभर दिसते. स्कॉटलंडच्या डोंगरातला पुरुष आपले चौकड्यांचे लोकरी वस्त्र अंगाभोवती गुंडाळून रानात झोपे. आपल्याच देशात पंजाब-हिमाचलाकडे पुरुष खांद्यावर लोई घेतात. तिथल्या विणकरांवरही गिरणीच्या मालाचे संकट आले. पण कुल्लू खोऱ्यातल्या भुट्टी गावच्या विणकरांनी १९४४ साली आपली सहकारी संस्था काढली. आज कुल्लूच्या शाली, टोप्या, मफलर घेऊन तिची दुकाने दूरदूरच्या शहरांत उभी आहेत.

सहकार ही काही आपल्याला नवी गोष्ट नाही. टेंभुर्णीच्या आसपास कुठल्याही दिशेला गेलात तरी सहकारी साखर कारखान्याचे धुराडे दिसते. उसासाठी आपण एकत्र आलो. लोकरीसाठी आलो नाही, कारण ती आपल्याला मेंढक्याची वाटली. खरे तर ती आपल्याच रानात चरून वाढलेली असते आणि आपल्याच अंगावर येणार असते.

आपल्याला करता येईल ते

कारखान्याएवढे मोठे काम आज कोणी मागत नाही. चार साध्या गोष्टी मात्र होऊ शकतात. तुमच्या रानात मेंढ्या बसल्या, तर मेंढक्याला काळी लोकर टाकून देऊ नको असे सांगा आणि ती विकत घ्या. पाच-सहा घरांनी मिळून लोकर जमवली की जवळपासच्या विणकराकडे मजुरीवर विणायला देता येते. हे काम दसऱ्याच्या आधी सांगा, कारण थंडी पडल्यावर सांगितलेली घोंगडी उन्हाळ्यात हाती येते.

तयार घेणार असाल तर पारखून घ्या. काठाचा एक धागा ओढून काडीने जाळा. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटाने चुरली तर लोकर खरी. वितळून कडक मणी झाला तर कृत्रिम धागा. हाताने कातलेले सूत कुठे जाड कुठे बारीक असते, आणि विणीत एखादे कुसळ सापडतेच. ते दोष नव्हेत, खूण आहे.

घरी आणल्यावर घोंगडी वरचेवर धुऊ नका, गरम पाण्यात तर मुळीच नको. काठीने झटकून कडक ऊन द्या. ठेवताना घडीत कडुलिंबाचा वाळला पाला घाला, नाहीतर कसर लागते. एवढे केले तर बाप वापरील आणि मुलगाही वापरील. वर्षा-दोन वर्षांत विरणारी चार ब्लँकेटे आणि एक घोंगडी यांचा हिशेब घरच्या बाईला करायला सांगा. ती तो आपल्यापेक्षा चोख करील.

घोंगडी काचेच्या कपाटात जपून टिकणार नाही. रात्री दारे धरायला जाताना ती खांद्यावर असेल, तरच पुढच्या वर्षी कोणी लोकर कातील आणि कोणी मागावर बसेल. मेंढका लोकर द्यायला तयार आहे, थोडेफार विणकर अजून हात राखून आहेत. तिघांपैकी दोन धनी जागेवर आहेत. तिसरे आपण.